शिवी आपल्या खेळाडूची असते तेव्हा

२९ जानेवारी २००८ रोजी ॲडलेडमध्ये न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर हरभजनसिंगच्या अपिलाची सुनावणी झाली. त्या महिन्याच्या सुरुवातीला सिडनी कसोटीत त्याने अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप होता आणि सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी त्याच्यावर तीन कसोटींची बंदी घातली होती. त्या वेळी दुसऱ्या टोकाला फलंदाजी करणाऱ्या सचिन तेंडुलकरनेही या सुनावणीत साक्ष दिली. भारतीय बाजूचे म्हणणे थोडक्यात असे होते, की हरभजनच्या तोंडून निघालेला शब्द वर्णद्वेषी नव्हता, ती हिंदीतली आईवरची शिवी होती आणि ऑस्ट्रेलियनांनी ती भलतीच ऐकली. वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही. बंदी उठली आणि शिवीगाळीबद्दल सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के दंडावर प्रकरण मिटले. पुरावा नाही तर शिक्षा नाही, हे न्यायाला धरूनच झाले. पण त्या निकालावर देशभर जो आनंद व्यक्त झाला, त्यात एक गोष्ट कोणालाच खटकली नाही. आपला बचाव काय होता? तर आमचा खेळाडू फक्त आईवरून बोलला. तेवढे सांगितले की आपण सुटलो, असे आपल्याला मनापासून वाटत होते.

प्रतिस्पर्ध्याला बोलून बोलून नामोहरम करण्याच्या या प्रकाराला क्रिकेटमध्ये स्लेजिंग म्हणतात. आपल्या क्रीडापानांवर त्यालाच शेरेबाजी म्हटले जाते. तिच्या समर्थनार्थ गेली कित्येक वर्षे एकच वाक्य ऐकू येते : आम्ही कडक खेळतो, पण रेषा ओलांडत नाही. हे वाक्य ऑस्ट्रेलियाने रूढ केले आणि आता सगळेच वापरतात. ही रेषा नेमकी कुठे असते, ते मात्र बोलणारा ठरवतो, ज्याला बोलले जाते तो नाही. ऑस्ट्रेलियासाठी सिडनीत ती वर्णाच्या शब्दावर होती, आईवरच्या शिवीवर नव्हती. आपल्यासाठी ती कुठेच नव्हती, कारण बोलणारा आपला होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय इतका उघडपणे दुसऱ्या कुठल्या खेळात चालत नसेल. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की शेरेबाजीला आवर घालण्याचे काम समोरच्या संघाच्या तक्रारीवर, स्टम्प माइकवर किंवा सामन्यानंतरच्या दंडावर सोडून भागणार नाही. ते बोलणाऱ्याच्या स्वतःच्या कर्णधाराने, तिथल्या तिथे आणि स्वतःच्या संघाचे नुकसान सोसून करायला हवे.

याचा अर्थ मैदानावर सगळ्यांनी मौनव्रत घ्यावे, असा नाही. बोलण्यावरच बंदी घाला, अशी मागणी कोणी केली तर तिला माझा विरोध राहील. २०१८ च्या मेलबर्न कसोटीत टिम पेनने यष्ट्यांमागून ऋषभ पंतला सुचवले, की एकदिवसीय संघात धोनी परतला आहे, तेव्हा तू आमच्याकडे राहा आणि मी बायकोला घेऊन सिनेमाला जाईन तेव्हा मुले सांभाळ. पंतने पुढे पेनला हंगामी कर्णधार म्हणून डिवचले. काही दिवसांनी सिडनीत पेनच्या पत्नीसोबत आणि मुलांसोबत पंतचे छायाचित्र झळकले आणि सगळ्या क्रिकेटजगाने ते हसून पाहिले. या बोलण्यात टोचणी होती, हेतूही लक्ष विचलित करण्याचाच होता, पण ज्याला बोलले गेले तो तितक्याच ताकदीने उत्तर देऊ शकत होता आणि दिवस संपल्यावर त्या बोलण्याचा वळ कुणाच्या अंगावर उरला नाही. मुंबईच्या मैदानांवरचे क्रिकेटही तिखट जिभेसाठी ओळखले जाते. एखाद्या फलंदाजाच्या लटपटत्या पायांवर, सुटलेल्या झेलावर किंवा मंद धावगतीवर जवळच्या क्षेत्ररक्षकाने टोमणा मारला तर तो खेळाबद्दलच बोलत असतो. पुढच्या चेंडूला चौकार मारून त्याला उत्तर देता येते.

पण मैदानावर नसलेल्या माणसाबद्दल बोलले जाते तेव्हा उत्तर देण्याची सोय राहत नाही. शेरेबाजीच्या इतिहासातले सर्वांत कुरूप प्रसंग पाहिले तर त्यांच्या मध्यभागी बहुतेक वेळा एक अनुपस्थित स्त्री सापडते. मे २००३ मध्ये अँटिग्वा कसोटीत वेस्ट इंडिज चौथ्या डावात ४१८ धावांच्या विश्वविक्रमी पाठलागाच्या वाटेवर होते. ग्लेन मॅकग्राने रामनरेश सरवानला अश्लील प्रश्न विचारला, सरवानने मॅकग्राच्या पत्नीचे नाव घेऊन उत्तर दिले आणि मॅकग्रा भडकून त्याच्या अंगावर गेला. त्याची पत्नी जेन तेव्हा कर्करोगाशी झगडत होती. सरवानला ते ठाऊक नसावे, असे नंतर म्हटले गेले आणि ते खरेही असेल. पण सुरुवात मॅकग्राने केली होती. त्याने स्वतः आखलेली रेषा त्याच्या घरापाशी येताच सरकली, एवढे त्या प्रसंगातून स्पष्ट दिसते. मार्च २०१८ मध्ये डर्बनच्या जिन्यात डेव्हिड वॉर्नर क्विंटन डी कॉकच्या अंगावर धावून गेला. डी कॉकने आपल्या पत्नीबद्दल गलिच्छ उद्गार काढले, असा वॉर्नरचा आरोप होता, तर वॉर्नर आधी मैदानावर दिवसभर डी कॉकच्या मागे लागला होता, असे दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे होते. पुढच्याच कसोटीला पोर्ट एलिझाबेथमध्ये काही प्रेक्षक वॉर्नरच्या पत्नीची बदनामी करणारे मुखवटे घालून आले. खेळाडूंनी मैदानावर पेरलेले असे गॅलरीत उगवते. आपल्याकडेही याहून वेगळे घडलेले नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर सायमंड्सला पाहून माकडाचे हावभाव करणाऱ्या काही प्रेक्षकांवर पोलिसांना कारवाई करावी लागली होती. सिडनीचे प्रकरण त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांच्या आत घडले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आपल्या भाषांमधल्या बहुतेक शिव्या आईवर आणि बहिणीवर आहेत. ज्या स्त्रीने चेंडू टाकला नाही, झेल सोडला नाही, जी कदाचित टीव्हीसमोर हात जोडून आपल्या मुलाचा खेळ पाहत बसली आहे, तिच्या देहाचा उल्लेख करून दोन पुरुष आपापसातले भांडण लढतात. त्याला आपण आक्रमकता म्हणतो. विकेट पडल्यावर आपल्या लाडक्या खेळाडूच्या ओठांवर काय शब्द होते हे पडद्यावर स्पष्ट वाचता येते, घराघरांत लहान मुले ते वाचतात आणि मोठी माणसे ते कौतुकाने हसण्यावारी नेतात. ऑस्ट्रेलियन किंवा इंग्लिश खेळाडूचे अपशब्द स्टम्प माइकवर ऐकू आले की आपल्याला राग येतो. आपल्या खेळाडूंचे शब्द परदेशी पंचाला कळत नाहीत म्हणून ते सुटतात, आणि ते सुटले याचे आपल्याला बरे वाटते. माझा सगळ्यात मोठा आक्षेप या दुटप्पीपणाला आहे.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची आचारसंहिता आहे, तेव्हा कर्णधाराचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारेल. संहिता आहे, पण तिचा धाक किती ते पाहा. नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत मायकेल क्लार्कने जेम्स अँडरसनला हात मोडून घ्यायला तयार राहा, अशा अर्थाची धमकी दिली. ती स्टम्प माइकवर ऐकू आली आणि त्याच्या मानधनातले २० टक्के कापले गेले. ऑस्ट्रेलियाने ती मालिका ५-० अशी जिंकली आणि दंडाची आठवण कुणाला राहिली नाही. २०१६ पासून दंडासोबत अवगुण (डिमेरिट पॉइंट) धरण्याची पद्धत आली. २४ महिन्यांत चार अवगुण साठले तर बंदी येते. डिसेंबर २०२४ मध्ये ॲडलेडला ट्रॅव्हिस हेडला बाद केल्यावरच्या वर्तनासाठी मोहम्मद सिराजला २० टक्के दंड आणि एक अवगुण मिळाला. भारतीय खेळाडूचे कसोटीचे मानधन १५ लाख रुपये, म्हणजे दंड झाला तीन लाख. त्याच्या दोनच आठवडे आधी आयपीएलच्या लिलावात सिराजवर १२ कोटी २५ लाखांची बोली लागली होती. मी सिराजला खलनायक ठरवत नाही. हेडलाही अवगुण मिळाला आणि दोघांनी नंतर मिटवूनही घेतले. पण ज्या खेळाडूंच्या उत्पन्नात तीन लाख हा नगण्य आकडा आहे, त्यांना पैशाच्या दंडाने कोण रोखणार? शिवाय हा दंड खेळ संपल्यावर होतो. मैदानावर जे साधायचे ते तोवर साधून झालेले असते.

आता कोइम्बतूरकडे वळू. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे दुलीप करंडकाचा अंतिम सामना पश्चिम आणि दक्षिण विभागांत झाला. पश्चिमचा कर्णधार होता अजिंक्य रहाणे. दुसऱ्या डावात २६५ धावा करून सामना पश्चिमकडे झुकवणारा फलंदाज होता यशस्वी जैस्वाल, तेव्हा वीस वर्षांचा. शेवटच्या दिवशी दक्षिणचा रवी तेजा चिवटपणे खेळत असताना जवळ उभा असलेला जैस्वाल त्याला सतत बोलत होता. तेजाने तक्रार केली, पंचांनी रहाणेला सांगितले, रहाणेने जैस्वालला समजावले. तरी बोलणे थांबेना. मग ५७व्या षटकात रहाणेने आपल्याच संघाच्या त्या द्विशतकवीराला मैदानाबाहेर जायला सांगितले. जैस्वाल मान खाली घालून निघून गेला आणि पश्चिमने काही षटके दहाच जणांनिशी क्षेत्ररक्षण केले. पुढे तो परत आला. पश्चिमने सामना २९४ धावांनी जिंकला, जैस्वाल सामनावीर ठरला आणि बक्षीस समारंभात रहाणेने प्रतिस्पर्धी आणि पंच यांचा मान राखलाच पाहिजे, असे मोजक्या शब्दांत सांगितले. या प्रसंगातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी समज, मग पुन्हा समज, मग थेट कृती. समोरच्या कर्णधाराशी वाद नाही, पत्रकार परिषदेत भाषण नाही, खेळाडूची जाहीर बदनामी नाही. शिक्षा तिथल्या तिथे झाली, सगळ्या संघाने तिची किंमत मोजली आणि वीस वर्षांच्या मुलाला कारकिर्दीच्या उंबरठ्यावर कळले की २६५ धावा केल्या तरी काही गोष्टींची सूट मिळत नाही.

यावर सरळ आक्षेप असा, की सामना जवळजवळ खिशात असताना हे औदार्य सोपे होते. दक्षिणसमोर ५२९ धावांचे लक्ष्य होते, तेव्हा दहा क्षेत्ररक्षक काय आणि अकरा काय. आक्षेपात तथ्य आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. प्रतिस्पर्ध्याची शेवटची विकेट उरलेली आणि त्याला पाचच धावा हव्या असताना कुठला कर्णधार असे करील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पण याच रहाणेची अवघड काळातली वागणूक आपल्यासमोर आहे. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत प्रेक्षकांतून सिराजला शिवीगाळ झाल्याची तक्रार भारताचा कर्णधार म्हणून रहाणेने लगेच पंचांकडे नेली, काही प्रेक्षकांना स्टँडमधून बाहेर काढण्यात आले आणि मैदान सोडून जाण्याचा पर्याय असूनही संघ खेळत राहिला. शेवटच्या दिवशी हनुमा विहारी आणि रविचंद्रन अश्विन यांनी ४२ हून अधिक षटके किल्ला लढवला. त्यांना हलवता येईना म्हणून पेन यष्ट्यांमागून अश्विनला बोलत राहिला, ब्रिस्बेनमध्ये ये मग पाहतो, असे सुनावत राहिला. त्याच सत्रात त्याच्या हातून विहारीचा झेल सुटला. त्या दिवशी त्याने एकूण तीन झेल सोडले आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर येऊन आपल्या वागण्याची माफी मागितली. ब्रिस्बेनमध्ये १९ जानेवारीला भारताने ३२८ धावांचा पाठलाग करून १९८८ पासून तिथे न हरलेल्या ऑस्ट्रेलियाला हरवले. त्या मालिकेत सर्वांत शांत माणूस होता भारताचा कर्णधार.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक आहे आणि त्यामागे खरा इतिहास आहे. आपले जुने संघ परदेशात ऐकून घेत, मुकाट्याने हरत. सौरव गांगुलीने डोळ्याला डोळा भिडवायला शिकवले, विराट कोहलीने दात दाखवायला शिकवले, आणि आता तुम्ही पुन्हा सभ्यपणाचे धडे देता, असे अनेक वाचकांना वाटेल. गांगुली आणि कोहली यांनी संघाला ताठ कणा दिला, हे मला मान्य आहे. परंतु त्यांच्या संघांना विजय जिभेमुळे मिळाले, असे पुरावा सांगत नाही. ऑगस्ट २०२१ ची लॉर्ड्स कसोटी आक्रमक भारताचे आदर्श उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. तिथे आधी बुमराने अँडरसनवर उसळत्या चेंडूंचा मारा केला होता. पाचव्या दिवशी बुमरा फलंदाजीला आला तेव्हा इंग्लंडचे खेळाडू हिशेब चुकता करायला त्याच्यावर तुटून पडले. तोंडाने बोलत राहिले आणि हाताने आखूड टप्प्याचे चेंडू आपटत राहिले. शमी आणि बुमरा यांनी नवव्या विकेटसाठी नाबाद ८९ धावा जोडल्या आणि भारताने कसोटी १५१ धावांनी जिंकली. डावपेचात आपण चुकलो, हे जो रूटने नंतर मान्य केले. त्या दिवशी शिवीगाळीच्या नादात सामन्याचे भान सुटले ते इंग्लंडचे. भारताला कसोटी जिंकून दिली ती दोन गोलंदाजांच्या बॅटींनी आणि मग चौघा वेगवान गोलंदाजांच्या अचूक माऱ्याने. बोलणे वजा केले असते तर निकाल बदलला असता, असे म्हणायला काहीही आधार नाही.

उलट बाजूचा पुरावा मात्र भक्कम आहे आणि तो न्यूझीलंडचा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये फिलिप ह्यूजचा मृत्यू झाला तेव्हा न्यूझीलंड शारजात पाकिस्तानविरुद्ध कसोटी खेळत होते. एका दिवसाच्या खंडानंतर ब्रेंडन मॅक्युलमचा संघ मैदानात उतरला. त्यांनी उसळते चेंडू टाकले नाहीत, विकेट मिळाल्यावर जल्लोष केला नाही आणि तरीही ६९० धावा उभारून कसोटी डावाने जिंकली. त्या संघाने शेरेबाजी आपली नव्हेच, असे ठरवून टाकले आणि केन विल्यमसनने तीच रीत पुढे नेली. २०१५ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने त्यांना हरवले आणि ब्रॅड हॅडिनने बाद झालेल्या फलंदाजांना टाळ्या वाजवून वाटेला लावले, हेही इथे सांगायला हवे. पण २०२१ मध्ये साउदम्प्टनला कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात याच न्यूझीलंडने भारताला हरवले. २०२४ मध्ये टॉम लॅथमच्या संघाने बंगळुरू, पुणे आणि मुंबई अशा तिन्ही कसोटी जिंकून बारा वर्षांनी भारताला मायदेशात मालिका गमावायला लावली. पुण्याच्या कसोटीत गहुंज्याला मिचेल सँटनरने १३ बळी घेतले. वानखेडेवर, याच शहरात जन्मलेल्या एजाझ पटेलने ११ बळी घेतले आणि १४७ धावांचा पाठलाग करताना भारत १२१ धावांत गारद झाला. जिंकायचे तर तोंड सोडावे लागते, असे म्हणणाऱ्याने पुणे-मुंबईचा तो पंधरवडा समोर ठेवून उत्तर द्यावे.

ऑस्ट्रेलियालाही हा हिशेब शेवटी करावा लागला. मार्च २०१८ मध्ये केपटाउनला चेंडू घासण्यासाठी सॅंडपेपर वापरल्याबद्दल स्मिथ, वॉर्नर आणि बॅनक्रॉफ्ट यांच्यावर बंदी आली. त्यानंतर मंडळानेच नेमलेल्या सायमन लाँगस्टाफ यांच्या अहवालाने मूळ दुखणे कोणत्याही किमतीवर जिंकण्याच्या वृत्तीत असल्याचे सांगितले आणि अपमानकारक शेरेबाजीला स्पष्ट मनाई करण्याची शिफारस केली. अहवाल लाचखोरीचा किंवा सट्टेबाजीचा नव्हता, चेंडू खरवडण्याच्या निमित्ताने मागवला होता. तरी त्याला शेरेबाजीपर्यंत जावे लागले. काय बोलावे याचा विधिनिषेध ज्या संघाने सोडला होता, त्याने चेंडूशी काय करावे याचाही सोडला, हा संबंध त्या चौकशीला दिसला आणि मला तो पटतो.

कर्णधाराच्या हाती हे काम देण्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. क्रिकेटच्या नियमांच्या प्रस्तावनेतच सामना न्याय्य रीतीने खेळला जाईल हे पाहण्याची मुख्य जबाबदारी कर्णधारांवर टाकलेली आहे. एमसीसीच्या ऑक्टोबर २०१७ पासूनच्या नियमावलीतला ४२वा नियम त्याहून पुढे जातो. अश्लील किंवा अपमानकारक भाषेसाठी पहिल्यांदा ताकीद, पुन्हा घडल्यास प्रतिस्पर्ध्याला पाच धावा, आणि प्रकार अधिक गंभीर असेल तर थेट पाच धावा, अशी त्यात तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याची मुभा फक्त सर्वांत गंभीर गुन्ह्यांपुरती ठेवली आहे आणि हे बदलायला वेळ लागेल. पण क्लब आणि शालेय क्रिकेट हे आपल्या हातातले आहे. तिथे पंच आपलेच असतात, त्यांना मराठी आणि हिंदी शिव्या कळतात, भाषेची सबब तिथे चालत नाही. हॅरिस आणि जाइल्स ढालीच्या सामन्यांत, कांगा लीगमध्ये, जिल्हा संघटनांच्या स्पर्धांत आईबहिणीवरून, जातीवरून किंवा रंगावरून शब्द निघाला की पंचाने कर्णधाराला बोलवावे आणि कर्णधाराने त्या खेळाडूला काही षटकांसाठी बाहेर पाठवावे. त्याने पाठवले नाही तर पाच धावा प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा व्हाव्यात. यातून सामने थोडे रेंगाळतील, काही प्रशिक्षक चिडतील, काही पालक तक्रारी घेऊन येतील. पंचांवर दबाव येईल आणि सुरुवातीला काही निर्णय चुकतीलही. तरीही चौदा वर्षांच्या कर्णधाराला आपल्याच मित्राला बाहेर जा म्हणण्याचा अधिकार आणि ते म्हणण्याची सक्ती असणे, हे त्याला फलंदाजीचा क्रम ठरवायला शिकवण्याइतकेच आवश्यक आहे. मुंबई क्रिकेट संघटनेने आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने येत्या हंगामाच्या पंच-कर्णधार बैठकांत हा नियम वाचून दाखवावा, आणि पहिला आठवडा संपण्याआधी तो निदान एकदा वापरला जाईल, असे पाहावे.